नारायणगावचा पाडवा

२०२५ सालच्या मार्च महिन्यात मुंबईत एक परदेशी संगीत नाटक उतरले होते. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’! गास्ताँ लरू या फ्रेंच लेखकाची १९१० सालची कादंबरी, तिच्यावरून १९८६ साली लंडनात रंगभूमीवर आलेले नाटक, आणि तेव्हापासून देशोदेशी हिंडणारा त्याचा संसार. आमच्या कॉलेजातली काही मंडळी ते पाहून आली आणि पुढे आठवडाभर आम्हा उरलेल्यांना त्यातल्या झुंबराचे वर्णन ऐकावे लागले. एवढा लवाजमा घेऊन ही माणसे मुलूखगिरी करतात तरी कशी, याचे सर्वांना मोठे नवल!

मी मराठीचा मास्तर. मला नवल वाटले ते त्यांच्या नवलाचे. पुण्याहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर असे फिरते संसार दर साली एका गावात मुक्कामाला येतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पाडवा होता. श्रीखंड आणि सौभाग्यवतींचा राग ही दोन्ही घरी ठेवून मी नाशिक रस्त्याची एसटी गाठली.

राजगुरुनगर मागे पडले, की आंबेगाव तालुका लागतो. गंमत अशी, की ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात केव्हाच बुडाले. नाव तेवढे कोरडे राहिले. मंचरच्या पुढे जुन्नर तालुका, आणि मीना नदीकाठचे नारायणगाव. जुन्नर म्हटले की लोकांना शिवनेरी आठवतो, आणि ते योग्यच आहे. जवळच खोडदला आकाशाचा कानोसा घेणाऱ्या तीस प्रचंड तबकड्यांची दुर्बीण आहे, तीही पाहण्याजोगी. पण मला जायचे होते तमाशाच्या पंढरीला.

पंढरी म्हणजे काय, तर मोकळ्या जागेत उभारलेल्या राहुट्यांची रांग. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी आणि तारखांची वही. रब्बी घरात आली, की चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. दिवसा घाटात बैलगाडा, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि मग कुस्त्या, असा या दोन तालुक्यांतल्या जत्रांचा थाट. त्या तमाशाची सुपारी ठरते ती येथे. चार-पाच जाणती माणसे येतात, राहुट्या फिरतात, घासाघीस करतात, आणि इसार देऊन उठतात. एकाच तिथीला दहा गावांची जत्रा आली, की भाव चढतो. लंडनच्या नाटकवाल्यांनीही येऊन पाहावा असा हा बाजार!

मी एका राहुटीत टेकलो. आंबेगावकडचे गावकरी आले होते.

“गेल्या सालावाणी नको बरं का. वग पुरा झाला पायजे,” त्यांतले एक म्हातारबाबा म्हणाले.

“बाबा, धाला भोंगा बंद करायला लावत्यात. वग बसवू कुठं?” व्यवस्थापक म्हणाला. “अन् तुमचीच पोरं शिट्ट्या मारून गाणी मागत्यात.”

म्हातारबाबा काही बोलले नाहीत. त्यांनी शेजारच्या तरुण मंडळींकडे पाहिले. ती मोबाइलमध्ये दंग होती.

दुखणे नेमके हेच आहे. तमाशात गण झाला, गौळण झाली, बतावणी, रंगबाजी झाली, की शेवटी वग. वग म्हणजे नाटक. कथा तीत असते. बाकी सारे त्याच्या दारातली रांगोळी. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालचा नियम झोपणाऱ्यांच्या दृष्टीने ठीकच आहे. पण ज्या खेळाची रात्रच मुळी दहाला उजाडते, त्याने काय करावे? मग वग आखडतो, कधी गळतोच, आणि सिनेमातली गाणी त्याची जागा घेतात. मुंबईचे प्रेक्षक महागडी तिकिटे काढून कथा ऐकायला बसले होते. झुंबर काही त्यांना नुसते दाखवले नव्हते.

याच गावचा भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड. भाऊंची मुलगी विठाबाई. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती. कळा आल्या तशी पडद्यामागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभी राहिली, असे सांगतात. ते पाहून प्रेक्षकांनीच खेळ थांबवला म्हणे. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतिपदक मिळालेली ही बाई २००२ साली गेली, ती औषधपाण्याच्या पैशांची ओढाताण सोसून. आता शासन तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

फडाचे अर्थकारण किती नाजूक, ते २०२० साली कळले. त्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला आला. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस! जत्रा नाहीत, म्हणून सुपारी नाही. २०२१ च्या पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा निर्बंध आले. वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत व्हायची, ते दोन महिने लागोपाठ दोन साली कोरडे गेले. नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, आचारी, ट्रकचा ड्रायव्हर, सगळ्यांची चूल एकाच वहीवर पेटते.

त्या वहीत व्यवस्थापकाने अखेर गावाचे नाव लिहिले. इसाराच्या नोटा मोजून झाल्या. म्हातारबाबांनी चष्मा पुसला आणि वही स्वतःकडे ओढली.

“लिहा,” ते म्हणाले, “नऊच्या आत गण. अन् वग कोणता, त्याचं नाव हितं लिहा.”

व्यवस्थापक हसला, पण त्याने लिहिले.