करवतीची निवड

आई मागील दारच्या पायरीवरून घसरली, तेव्हा तेथे लोखंडी कठडा करण्याचे मी ठरवले. जोडकाम गल्लीतील वेल्डर करणार होता. नळ्या कापणे माझ्याकडे. दुकानदाराने १४ इंची चकतीचे कटर पुढे केले. मिनिटाला सुमारे ४००० फेरे. नळी क्षणात तुटते. मोह झाला. परंतु ही चकती पोलाद कापते असे म्हणणे सैलपणाचे आहे. ती ते घासून झिजवते आणि तापलेला कीस ठिणग्या होऊन दूरवर उडतो. माझी कार्यशाळा म्हणजे जुन्या पुस्तकांनी भरलेली मागची खोली, आणि भिंतीपलीकडे आईची खाट. कार्बाइड दात्यांचे मंदगती यंत्रही होते, ठिणग्या थोड्या, काप स्वच्छ; पण सहा कापांसाठी तेवढी किंमत मोजवेना.

अखेर हातकरवत घेतली. कारागीर तिला 'एक्सा' म्हणतात. (हॅकसॉमधला 'ह' वाटेत कोठे गळाला, हा विषय येथे आवरतो.) पाते निवडताना मात्र चुकलो. इंचाला १८ दाते असलेले पाते २ मिलिमीटर जाडीच्या नळीत अडकले. तीन दाते तुटले. नळीच्या जाडीवर एका वेळी दोन-तीन दाते तरी टेकावे लागतात, एकटा दाता कडेत अडकून मोडतो. मग ३२ दात्यांचे पाते आणले, टोके मुठीच्या विरुद्ध दिशेला ठेवून ताणून बसवले आणि नळी थोडी थोडी फिरवत कापू लागलो.

पलीकडून आईने विचारले, "अजून किती रे राहिलंय?"

"चार," मी म्हणालो.