अनंताचे पिवळेपण

आईच्या निधनानंतर कोकणातल्या घरच्या अनंताची फांदी आम्ही पुण्यात आणून परसात रुजवली. वर्षभरात पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. आम्ही साहित्याची माणसे. त्या पिवळेपणात आम्हांला झाडाचा शोक दिसला आणि त्या प्रतिमेच्या मोहात एक ऋतू वाया गेला. वस्तुतः अनंताला आम्लधर्मी माती मानवते. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. झाड कुंडीत हलवले, तांबडी माती नि पानांचे खत घातले. यंदा ज्येष्ठात पहिले शुभ्र फूल उमलले आणि दोन-तीन दिवसांत पिवळसर झाले. हे पिवळेपण रोगाचे नव्हे, वयाचे. आईचे थकणेही आम्ही वयाचेच मानले होते. तेवढे मात्र आम्ही चुकीचे वाचले.