गंगूच्या बाजूने

‘स्वस्तात पडलं’ असं कुणी म्हटलं की हल्ली माझ्या मनात येतं, कुणाला?

मुक्काम भोपाळच्या तुलसी नगरला, आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सकाळी पोहे-जिलेबी, दिवसभर सिटी बस, संध्याकाळी बोट क्लबवर तलावाचा फुकट वारा. पुण्याहून आलेल्या आतेभावाने, दादाने, निघायच्या आदल्या रात्री हिशोब मांडला आणि खूश झाला. त्यात पोळ्यांचा रकाना नव्हता. असावा असं मलाही वाटत नाही. पाहुण्यांच्या पोळ्या मोजणारी मी कोण? शिवाय त्यांच्या निमित्ताने मीच कितीतरी वर्षांनी श्यामला टेकडीवरचं मानव संग्रहालय पाहिलं. इथे राहणारं माणूस एरवी तिकडे कशाला जातंय!

खरं तर मला छळतोय गंगू तेली. बड्या तलावात बुरुजावर राजा भोजाचा पुतळा उभा आहे. तो दिसल्यावर दादा म्हणाला, “कुठे राजा भोज आणि कुठे आपण गंगू तेली!” सगळे हसून पुढे गेले. मी मात्र तिथेच अडकले. हा गंगू होता कोण?

जाणकार सांगतात, तो तेली नव्हताच. गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे दख्खनचा चालुक्य तैलप; दोघेही भोजापुढे फिके. ऐकायला छान आहे. पण तैलप वारला ९९७च्या सुमारास आणि भोज गादीवर आला १०१०च्या आसपास. मेलेल्या राजापुढे कसली फुशारकी? (तैलपाने भोजाच्या काकाला, मुंजाला मारलं होतं. तो राग म्हणीत उतरला असेल तर गोष्ट वेगळी.) धारला गेलं तर गंगू बाई होते, तीही राक्षसीण, लाट मशिदीपाशी तुकडे होऊन पडलेला लोखंडी खांब ही म्हणे तिच्या तराजूची दांडी. आणि आपल्या पन्हाळ्यावर? तिथला भोज निराळा, शिलाहारांचा, बाराव्या शतकातला. तट उभा राहीना, सारखा ढासळायचा, म्हणून गंगू तेलिणीचा बळी दिला अशी कथा आहे.

म्हणजे गंगूला कुणी राजा केलं, कुणी राक्षसीण केलं, कुणी तटापायी बळी दिलं. घाण्याचा बैल सोडून चार दिवस तलाव बघायला आलेला साधा तेली काही कुणाला चालत नाही. मला नेमका तोच हवा आहे. त्याने बरोबर भाकरी बांधून आणली असेल का? उतरला कुणाकडे असेल?

भोजपूरला गेलो तेव्हाही तोच डोक्यात. अपुऱ्या राहिलेल्या त्या शिवमंदिरात सगळे प्रचंड लिंगापुढे माना वर करून उभे होते आणि मी मागच्या बाजूला. दगड वर चढवायला घातलेला मातीचा उतार तिथे अजून आहे. देवळाच्या दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत, कुठे चक्र, कुठे त्रिशूळ, कुठे शंख. कोणी किती दगड घडवले ते मोजायला त्या केल्या असाव्यात. म्हणजे राजाने एक रकाना ठेवला होता म्हणायचं. उतारावरून दगड ओढणाऱ्यांचा मात्र कुठे दिसला नाही.

दादाला सगळ्यात काय आवडलं असेल तर आमच्याकडची सावली. क्वार्टर जुनी, ओल येते, नळाला पाणी ठरल्या वेळेलाच. पण दारात आंबा, कडुनिंब, जांभूळ. २०२४च्या जूनमध्ये शिवाजीनगर आणि तुलसी नगरमधली सुमारे २९ हजार झाडं तोडून मंत्री-आमदारांसाठी नवी घरं बांधायचा बेत होता. बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या आणि बेत मागे घ्यावा लागला. मग या सावलीचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं? मिठ्या मारणाऱ्यांच्या, की कधीकाळी रोपं लावून बदलीवर निघून गेलेल्या कुणा कारकुनाच्या? तलावाचं तर विचारूच नका. हजार वर्षांपूर्वी कोणी माती वाहिली आणि आम्ही आज त्याचं पाणी पितो.

बरं, मग भरपूर पैसे मोजून केलेली सुट्टी जास्त प्रामाणिक ठरते का? तसंही वाटत नाही. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या पोराच्या हातात त्यातलं कितीसं पडतं? उलट दादाने जाताना माझ्या मुलाच्या हातात जी नोट कोंबली ती सरळ पोचली. मुलाने तिचं क्रिकेटचं ग्लव्हज घेतलं, तेही एकाच हाताचं, कारण दुसरं मित्राकडे होतं.

आता वहिनी म्हणतात दिवाळीनंतर कोल्हापूरला या, माझं माहेर आहे, राहण्या-जेवण्याचा खर्च नाही, पन्हाळा करू. मी लगेच हो म्हटलं. गंगू तेलिणीची जागा बघायची ओढ खरीच आहे. पण खोलीचं भाडं भरावं लागलं असतं तरी ती इतकीच राहिली असती का, हे काही छातीठोक सांगता येत नाही. वहिनींच्या आईंचे गुडघे दुखतात, एवढं मात्र माहीत आहे.