सोवळं-ओवळं आणि संडे सर्व्हिस

मी हिंगोलीची, आणि ख्रिश्चन. पुण्यातल्या ऑफिसात हे सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. 'हिंगोली म्हणजे एक्झॅक्टली कुठे?' आणि 'तिथे ख्रिश्चन असतात?' पहिल्याचं उत्तर सोपं : परभणीतून १९९९ साली वेगळा झालेला जिल्हा. औंढा नागनाथ, नर्सी नामदेव. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे मी!

पण आजचा विषय आहे 'पवित्र' हा शब्द. तरुणपणी 'अडचण' असेल त्या रविवारी आजी प्रभुभोजन घ्यायची नाही. पाळकांनी सांगितलं नव्हतं, बायाबायांतच ठरलेलं. देव पवित्र, म्हणून आपण लांब. आईनेही तेच केलं. आणि परवा माझी एमबीए झालेली मामेबहीण कानात विचारते, "ताई, आज घेतलेलं चालेल ना गं?"

धर्म बदलला, पण शब्द जुनाच राहिला ना! मराठीत 'पवित्र' म्हटलं की सोवळं आठवतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. सोवळं सुटायला किती काळ लागतो ते कळेल. बायबलमधला मूळ हिब्रू शब्द 'कादोश', म्हणजे वेगळा, निराळा. यशयाच्या सहाव्या अध्यायात देवदूत तो तीनदा उच्चारतात आणि यशयाची घाबरगुंडी उडते : माझे ओठ अशुद्ध, आता मी संपलो! होतं काय, तर वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागतो आणि तो शुद्ध होतो. देव विटाळत नाही. उलट माणूस बदलतो.

ही भीती मला हवी आहे, बरं का. हल्ली गिटार घेऊन देवाला आपला 'बडी' करून टाकतात, ते मला झेपत नाही. पण भीती वेगळी आणि शिवाशिव वेगळी. आमच्या औंढ्याचीच गोष्ट घ्या. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव ते उचलून जिथे ठेवतात, तिथे पिंड! तिथला देव सगळीकडे भरलेला, यशयाचा देव सगळ्याहून निराळा. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. पण पायांनी देव बाटत नाही, एवढं दोन्हीकडे पक्कं.

आणि मार्कचा पाचवा अध्याय. १२ वर्षं रक्तस्राव होणारी बाई. लेवीयच्या नियमाने ती अशुद्ध, तिने शिवलेलंही अशुद्ध. ती गर्दीत येशूच्या वस्त्राला हात लावते. तो बाटत नाही, ती बरी होते. वर तो तिला 'मुली' म्हणतो, भर गर्दीत.

हे सगळं मी आजीला उत्साहाने ऐकवलं. तिला तो अध्याय पाठ निघाला. सुपारी कातरत म्हणाली, "तिनं कुणाला इचारलं नव्हतं. गपचिप मागून गेली. इचारलं असतं, तर कुणी जाऊ दिलं असतं का?"