नारायणगुड्याहून महासागराकडे

आमच्या नारायणगुड्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. ‘सागर’ म्हणून आम्हांला परिचयाचा तो हुसेनसागरच. त्याच्या पलीकडे बेगमपेठचा जुना विमानतळ. तेथील प्रवासी वाहतूक २००८ साली शमशाबादला गेली, तरी त्या बाजूस गेलो की दृष्टी आपोआप आकाशाकडे वळते.

न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली शाळा आणि महिला महाविद्यालय यांमुळे आमचे रस्ते विद्यार्थ्यांनी गजबजलेले असतात. त्यांतील एखादी मुलगी घरी येऊन म्हणाली, ‘मला छोट्या विमानातून एकटीने महासागर ओलांडायचा आहे,’ तर आम्ही वडीलधाऱ्यांनी काय उत्तर द्यावे?

प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. मुंबईची तेवीस वर्षांची आरोही पंडित मे २०१९ मध्ये स्कॉटलंडमधील विक येथून निघाली आणि आइसलँड व ग्रीनलंड येथे थांबत कॅनडातील इकालुइट येथे उतरली. एका इंजिनाच्या हलक्या क्रीडा-विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली स्त्री. विमानाचे नाव ‘माही’.

अशा उड्डाणाची कसोटी आधी कागदावर लागते. टाकी लहान, म्हणून मार्ग बेटाबेटांनी आखावयाचा. हिमगार पाण्यात उतरण्याचा प्रसंग आलाच, तर अंगात पाणी न शिरणारा पोशाख हवा, जवळ तराफा हवा. परंतु सर्वांत मोलाचा हिशोब परतीचा. समजा, राखीव साठा वगळून सहा तासांचे इंधन आहे, विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर आहे आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आहे. जाताना वेग १५०, परतताना २१०. साडेतीन तासांत ५२५ किलोमीटर गेल्यावर परतीस नेमके अडीच तास उरतात. त्या बिंदूपुढे माघार नाही. वारा पडलेला असता, तर तोच बिंदू ५४० किलोमीटरवर गेला असता. म्हणून तेथे पोहोचण्यापूर्वीच पुढील धावपट्टीवरचे हवामान विचारून निर्णय करावा लागतो.

तेव्हा ‘जाऊ नकोस’ म्हणण्याआधी आम्ही त्या मुलीची वही मागावी. परतीचा बिंदू कोठे मांडला आहे आणि आभाळ फिरले तर ती मागे वळेल काय, एवढे विचारावे. उत्तर समाधानकारक मिळाले, तर आशीर्वाद द्यावा. मात्र ती सुखरूप उतरल्याचा निरोप येईपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली घास उतरणार नाही, हे तिनेही जाणून असावे.