खालचा थर

अमरावतीहून अकोल्याला मी महिन्यातून दोनदा तरी जातो. लोणी मागे पडलं की मला 2022चा जून आठवतो. 3 तारखेच्या सकाळी इथं डांबरीकरण सुरू झालं, ते 7 तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबलंच नाही. लोणी ते माना, एका मार्गिकेचं 75 किलोमीटर, 105 तास 33 मिनिटांत. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, दहा दिवसांत 25 किलोमीटरचा. हाच रस्ता कित्येक वर्षं रखडलेला आम्ही पाहिला होता. त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय.

सॉफ्टवेअरमधले माझे मित्र त्या वेगावर खूश होते. मी मात्र खालच्या थराचा विचार करत होतो. डांबर-खडीचा माल गरम आहे तोवरच रोलर फिरवावा लागतो. निवला की तो नीट दबत नाही. वरचा थर टाकताना थांबून विचार करायला सवड नसते. खालचं सगळं आधीच दबलेलं, सपाट केलेलं असेल तरच असं न थांबता पुढे जाता येतं. त्या तयारीचे दिवस 105 तासांत धरलेले नाहीत.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात हा खालचा थर म्हणजे टेस्ट, एकमेकांचा कोड वाचणं, हिशेबाचे नियम एकाच जागी ठेवणं. तारीख जवळ आली की पहिला घाव यावरच पडतो. मीही घातला आहे.

अकोल्याकडच्या कापसाच्या एका जिनिंगसाठी आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करत होतो. गाडी भरून काट्यावर येते, रिकामी होऊन परत तोलली जाते, ओलाव्यापोटी वजन वजा होतं, पावती निघते. दसरा-दिवाळीला कापूस घरात येतो. ती तारीख कुणाच्या सोयीनं पुढे जात नाही. म्हणून ओलाव्याच्या टेस्ट मी 'नंतर करू' म्हणून सोडून दिल्या. हंगाम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी एका शेतकऱ्यानं पावतीच्या मागे पेननं हिशेब मांडून दाखवला. गाडी दुसऱ्यांदा तोलली की ओलावा दोनदा वजा होत होता. त्याच्या वर्षभराच्या कापसातून ते वजन आम्ही कापत होतो. रात्रभर बसून जुन्या पावत्या तपासल्या, फरकाचे पैसे परत करायला लावले.

त्याहून जास्त लागलं ते पहाटेचं बोलणं. टीममधला सर्वांत धाकटा पोरगा म्हणाला, "भाऊ, मले हे आधीच दिसलं होतं. पण तारीख दोन दिवसांवर आली होती, अन् तुमी चिडले असते. म्हनून बोललो नाई."

तो खरं बोलत होता. 'होत नाही' म्हणणाऱ्याकडे मी कसा बघायचो ते मला ठाऊक होतं. कोडातली चूक एका रात्रीत निघाली. त्या पोराची भीती जायला दोन हंगाम लागले. तेवढे दिवस मी दर सोमवारी आधी माझंच अडलेलं काम सांगत असे, मग टीमचं विचारत असे.

मागच्या हंगामाआधी तीन आठवडे तोच पोरगा आपणहून आला. "भाऊ, पावतीचं पक्कं हाय. पैशाच्या हप्त्यांचा हिशेब मातर यंदा जमणार नाई."

मूर्तिजापूरजवळ गाडी बाजूला घेऊन मी जिनिंगच्या मालकांना फोन लावला. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"पावती नक्की ना?"

"नक्की."

"मंग हप्ते वहीत लिहू."