खंडाळ्यात शिकलेला धडा

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडला की खंडाळा लागतो. लोणावळ्याजवळचा नव्हे, हा आपल्या सातारा जिल्ह्यातला तालुक्याचा गाव. गेल्या डिसेंबरात मी पाच मुलांना घेऊन तिथं गेले.

वयं पंधरा ते सतरा. कुणी गुटख्यापासून दारूपर्यंत पोचलेला, कुणी पंक्चरचं सोल्युशन हुंगणारा. उपचार संपवून पाचही जण घरी परतले होते. दर रविवारी एक तास मी त्यांना जीवन कौशल्यं शिकवत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं अशी दहा कौशल्यं सांगितली आहेत: स्वतःला ओळखणं, निर्णय घेणं, ताण आणि भावना सांभाळणं वगैरे. बी.एड.ला मी ती पाठ केली होती. मुलांनीही वहीत उतरवून घेतली. पण ‘नाही’ म्हणणं वहीत थोडंच शिकता येतं? म्हणून ही सहल.

एसटीतून उतरल्यावर मी एकाच्या हातात दोनशेची नोट ठेवली. “सगळ्यांना चहा-बिस्किटं आण, उरलेले पैसे परत दे.”

घरी आल्यापासून त्याच्या अब्बांनी त्याच्या हाती दहा रुपयेही दिले नव्हते. त्यांचा तरी काय दोष? व्यसनापायी घरातली भांडीसुद्धा विकली गेली होती.

टपरीवर पुड्यांच्या माळा लटकत होत्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला 2003च्या कायद्यानं बंदी आहे, पण माळा काही उतरत नाहीत. मुलगा अर्ध्यावर थांबला, मागे फिरला आणि मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, एकट्याला नका पाठवू.”

क्षणभर वाटलं, सगळी मेहनत वाया गेली. मग उमगलं, हाच तर धडा होता. धोका कुठं आहे हे त्यानं ओळखलं आणि मदत मागितली. मी दुसऱ्याला सोबत दिलं. चहा आला, आणि एकशे वीस रुपये मोजून परत आले.

तिथून आम्ही नायगावला गेलो. याच तालुक्यातलं हे गाव. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले इथं जन्मल्या. 1856 मध्ये आजारपणात त्या माहेरी आल्या होत्या. 10 ऑक्टोबरच्या पत्रात त्या जोतिरावांना भावानं केलेल्या सेवेबद्दल सांगतात आणि पुण्यात कामाचा भार अंगावर पडलेल्या फातिमाची काळजी करतात. मुलांना हे सांगितलं, तेव्हा तोच मुलगा हळूच म्हणाला, “म्हणजे त्यासुद्धा एकट्यानं बऱ्या झाल्या नाहीत.”

आपल्या घरांत काय होतं? ‘तौबा केलीस ना, आता झालं’ म्हणून आपण विषय मिटवतो, नाहीतर जन्मभर मुलाकडे चोरासारखं पाहतो. दोन्हीकडून मूल एकटंच पडतं. त्याला किराणा आणायला पाठवा, पण आधी कुणाला तरी सोबत द्या. हिशेब जरूर मागा, टोमणा मारू नका. जुने दोस्त भेटले तर काय म्हणायचं, हे दस्तरखानावर त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या. आणि मूल अजून व्यसनात असेल, तर लोकलाजेपायी लपवू नका. 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

त्या संध्याकाळी त्याच्या अब्बांना मी एकशे वीस रुपयांची हकीकत सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मुलगा आला तो खिशात भाजीची यादी घेऊन. तास संपल्यावर पाहिलं, तर अब्बा पिशवी घेऊन दारात उभे होते. पैसे मात्र मुलाच्या खिशात होते.